‘घरच्यासारखी’ म्हणजे कोणासारखी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर २०१४ साली मी सहा महिने मेक्सिकोतल्या वाहाका शहरात स्पॅनिश शिकायला गेले होते. राहायला एका कुटुंबात होते. तिकडे ही पद्धत चांगली रुळलेली आहे. भाषाशाळा विद्यार्थ्याला एखाद्या घरी ठेवते आणि दर आठवड्याला त्या घराला पैसे देते. खोली, जेवण आणि जेवताना होणाऱ्या गप्पा, सगळं त्यातच. ‘तिथले अनुभव सांग’ असं मला इथे सांगितलंय. बाजार, चॉकलेट, भाजलेले टोळ यांबद्दल चहाच्या वेळी विचारा. आत्ता मला एकाच शब्दाबद्दल बोलायचंय, ‘घरच्यासारखी’.

पहिल्याच दिवशी घरच्या बाई, म्हणजे सेन्योरा, मला म्हणाल्या, “हे तुझंच घर समज.” आणि त्यांनी ते खरं केलं. मला ताप आला तेव्हा त्या रात्री दोनदा उठून बघून गेल्या. घरात त्या, त्यांचा नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा, मी आणि आणखी एक विद्यार्थिनी. शिवाय गच्चीवरच्या खोलीत राहणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी. ती डोंगरातल्या झापोतेक गावातून घरकामाला आलेली. तिच्याबद्दलही सेन्योरा म्हणायच्या, “कोमो दे ला फामीलिया.” म्हणजे घरच्यासारखी. आपल्याकडे नाही का म्हणत, “आमच्या घरातलीच आहे हो ती!”

आता गंमत बघा. मी घरच्यासारखी, म्हणून मला पहिली वाढ. ती घरच्यासारखी, म्हणून तिला कामाचे तास नाहीत, ठरलेली सुट्टी नाही, आणि जेवण सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात. आणि सेन्योरा तर खऱ्याच घरच्या! पहाटेपासून आमचे डबे, चादरी, बाजारहाट, शिवाय आमचं मोडकंतोडकं स्पॅनिश ऐकून घेणं आणि सुधारणं, हे सगळं त्यांच्याकडे. शाळेचे पैसे मात्र ‘घरात’ यायचे. त्यातले माझे किती, असं त्यांनी कधी विचारलं नाही. कारण पाहुणचाराला घरात कोणी काम म्हणतच नव्हतं. एकाच शब्दाखाली आम्ही तिघी होतो. मला त्याने सुख मिळत होतं, दुसरीचे श्रम दिसेनासे होत होते आणि तिसरीचा पगार कमी होत होता.

भाषेचंही तसंच. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच एकेरी-आदरार्थी आहे. एकेरीसाठी शब्दही ‘तू’च, आणि आदरासाठी ‘उस्तेद’. घरातला कॉलेजातला मुलगा त्या मुलीला ‘तू’ म्हणायचा, ती त्याला ‘उस्तेद’. वय जवळपास एकच. स्पॅनिश ही तिचीही दुसरी भाषा होती, माझीही. मी चुकले की टेबलावर कौतुकाचं हसू व्हायचं. ती चुकली की “किती वर्षं झाली, अजून धड बोलता येत नाही” असं ऐकावं लागायचं. आम्ही दोघी गच्चीवर कपडे धुताना सावकाश, शब्द शोधत बोलायचो. तिने मला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर कसा ठेवतात, मग गिरणीत ओला कसा दळून आणतात ते सांगितलं. मी तिला ज्वारीची भाकरी समजावली. पाटा-वरवंटा समजावावा लागला नाही, तो तिच्या आईकडेही होता.

सेन्योरा काही वाईट बाई नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. १ ऑगस्ट २००६ रोजी वाहाकातल्या हजारो बायका पातेली-झारे वाजवत रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांनी सरकारी दूरचित्रवाणी केंद्र ताब्यात घेतलं आणि सुमारे तीन आठवडे स्वतः चालवलं. सेन्योरा त्या मोर्चात होत्या. मी त्यांना १९७२ सालचा मुंबईतल्या महागाईविरोधी लढ्यातला लाटणे मोर्चा सांगितला, तर त्यांनी टाळीच दिली. मग मी विचारलं, “त्या दिवशी घरी कोण होतं?” त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “तेव्हाची मुलगी होती ना.” नाव त्यांना पटकन आठवेना.

मैत्रिणींनो, हा प्रश्न वाहाकात सोडून देता येत नाही. आपण मोर्च्याला जातो, शिबिराला येतो, तेव्हा मागे घरची भांडी कोण घासतं?

मेक्सिकोत पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते घरकामगारांनी स्वतः संघटित होऊन घडवलं. स्वतः घरकाम केलेल्या मार्सेलिना बाउतिस्ता यांनी २००० साली घरकामगारांसाठी केंद्र काढलं. ‘मुचाचा’, म्हणजे ‘पोरगी’, म्हणू नका, ‘घरकामगार’ म्हणा, हा त्यांच्या चळवळीचा आग्रह. २०१८ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की घरकामगारांना सक्तीच्या सामाजिक सुरक्षेतून वगळणं घटनाबाह्य आहे. २०१९ मध्ये कामगार कायदा बदलला. २०२० मध्ये देशाने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १८९ व्या कराराला मान्यता दिली. २०२२ च्या सुधारणेने घरकामगाराची नोंदणी मालकावर बंधनकारक झाली. अंमलबजावणी अजून अपुरी आहे. वीस लाखांहून अधिक घरकामगारांपैकी थोड्याच जणींची नोंदणी झाली आहे. पण मागायला कायदा आहे.

आपल्याकडे काय? पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणाची भाषा करतो, किमान वेतन आणि कामाच्या तासांची करत नाही. २०११ साली १८९ वा करार मंजूर होताना भारताने बाजूने मत दिलं, पण मान्यता अजून दिलेली नाही.

सरकारकडे मागायचं ते मागूच. पण आपल्या घरात कायद्याची वाट कशाला बघायची? आज गटचर्चेत तीन गोष्टी ठरवूया. एक, आपल्याकडे काम करणाऱ्या बाईला आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि आजारपणाची रजा. दोन, काम, तास आणि पगार दोघींच्या संमतीने लिहून काढणं, दरवर्षीच्या वाढीसह. तीन, ‘घरच्यासारखी’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवणं. नात्यातली माया राहू दे, तिला कोणाचा विरोध नाही. पण माया पगारातून वळती करायची नाही.

आणि चौथी गोष्ट, जरा अवघड. आपल्या स्वतःच्या घरातल्या कामाचाही हिशेब मांडूया. तो मांडला नाही, तर दुसरीच्या कामाचा हिशेब आपल्याला कधीच नीट जमणार नाही.

चला, गटात बसूया.