विसाराचे पैसे आणि बदललेल्या अटी



वसंतातले व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा संतवाङ्मयाची, निदान ग्रहताऱ्यांची तरी असते. मी मात्र आज बोलणार आहे तो घर भाड्याने घेताना आगाऊ दिलेल्या विसाराबद्दल. विषय लहान आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पण एप्रिल-मे हे महिने बदल्यांचे. ह्या मांडवात बसलेल्यांपैकी काहींच्या घरी आत्ताच खोकी आणि सुतळी आणून ठेवलेली असेल. त्यांना हा विषय लहान वाटणार नाही.

पूर्वी ह्याला विसार म्हणत, कोणी बयाणा म्हणत. आता तरुण मंडळी 'टोकन' म्हणतात, आणि पैसे हातात न ठेवता फोनवरून पाठवतात. शब्द बदलला, रीत बदलली. भांडण तेच राहिले.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची हकीगत सांगतो. बँकेत कारकून, साताऱ्याहून पुण्यास बदली. एका रविवारी येऊन त्यांनी घर पाहिले. भाडे दरमहा १८,००० रुपये, अनामत ६०,०००, करार अकरा महिन्यांचा, सोसायटीचा देखभालखर्च भाड्यातच, असे मालकांशी समोरासमोर ठरले. "दुसऱ्या कोणाला दाखवू नका" म्हणून ह्यांनी १०,००० रुपये विसार दिला. साताऱ्यास परत जाऊन जुन्या घरमालकांना घर सोडत असल्याचे कळवले, मुलीचा शाळेचा दाखला काढला, तीस तारखेचा टेंपो ठरवला. आणि सव्वीस तारखेला फोन आला: भाडे आता २०,०००, अनामत एक लाख, देखभालखर्च वेगळा; जमत असेल तर या. गृहस्थ म्हणाले, "अहो, आपले ठरले होते ते हे नव्हे." उत्तर मिळाले, "मग राहू द्या. पण विसार परत देण्याची पद्धत नाही. माघार तुम्ही घेताय."

ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. त्यांनी विचारले, "माघार मीच घेतली असे होते का?" सगळी मेख ह्या प्रश्नात आहे. दहा हजारांपेक्षा मोठा फास असतो तो तारखेचा. मागचे घर सुटलेले, पुढचे मिळालेले नाही, अशा वेळी माणूस निमूटपणे वाढीव भाडे कबूल करतो. अट बदलणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो फोन नेमका सव्वीस तारखेला येतो, दहा तारखेला येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपला करारांचा कायदा १८७२ सालचा, आणि तो अजून चालू आहे. त्याच्या सातव्या कलमात सांगितले आहे की प्रस्तावाचा स्वीकार निखळ आणि बिनशर्त असला पाहिजे. 'हो, पण भाडे दोन हजार जास्त' हा स्वीकार नव्हे. तो नवा प्रस्ताव झाला. इंग्लंडात १८४० साली शेतमळ्याच्या विक्रीवरून एक खटला झाला. मालकाने हजार पौंड किंमत सांगितली, घेणाऱ्याने साडेनऊशे देऊ केले, ते नाकारल्यावर म्हणाला, बरे, हजार घ्या. न्यायालयाने सांगितले की साडेनऊशे म्हणताक्षणी पहिला प्रस्ताव संपला. तोच न्याय मालकालाही लागतो. ठरलेल्या अटी पक्क्या झालेल्या असतील, तर त्या बदलायला बासष्टाव्या कलमाप्रमाणे दोघांची संमती लागते. एकट्याच्या फोनने करार बदलत नाही. आणि एक पक्ष ठरल्याप्रमाणे वागायचे नाकारतो तेव्हा दुसऱ्याला एकोणचाळिसाव्या कलमाने करार संपवता येतो. संपलेल्या करारापोटी घेतलेला लाभ परत करावा, हे तत्त्व पासष्टाव्या कलमात आहे. म्हणजे आमचे गृहस्थ नव्या प्रस्तावाला नाही म्हणाले, एवढेच. माघार मालकांनी घेतली.

'विसार बुडतो' ही म्हण खोटी नाही, अर्धी आहे. विसार बुडतो तो देणाऱ्याच्या कसुरीने सौदा मोडला तर. घर ठरवून, विसार देऊन, मग अधिक स्वस्त घर मिळाले म्हणून आपण फिरलो, तर मालकाने ते पैसे ठेवले म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. त्याचे गिऱ्हाईक गेलेले असते. रोमन लोकांचा नियम तर दुहेरी होता. जस्टिनियन बादशहाच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, घेणारा फिरला तर विसार गेला, आणि विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत द्यावयाचा. आपल्याकडे दुप्पट नाही. पण एकपट तरी द्यावा!

आणि ज्या-त्या आगाऊ रकमेला विसार म्हटले म्हणून ती विसार होत नाही. सैन्याला बटाटे, अंडी आणि मासे पुरवणाऱ्या मौला बक्ष ह्या कंत्राटदाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे १९६९ साली निघाला. त्याची ठेव सरकारने जप्त केली होती. न्यायालय म्हणाले, ही विसाराची रक्कम नव्हे, ही हमीची ठेव. नुकसान सिद्ध केल्यावाचून ती गिळता येणार नाही. तेव्हा घरमालकाने दोन-तीन महिन्यांचे भाडे आगाऊ घेऊन त्याला 'टोकन' असे नाव दिले, तर ते नाव पाहून गप्प बसू नये.

ज्या घरांतली मुले शिकायला इंग्लंडात गेली आहेत त्यांनी तिकडचा नियम माहीत करून घ्यावा. तो फार स्पष्ट आहे. १ जून २०१९ पासून तेथे लागू झालेल्या कायद्याने घर राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. भाडे महिना १,३०० पौंड असेल तर बाराने गुणून बावन्नाने भागायचे: ३०० पौंड, वर एक पैसा नाही. वेगळी तारीख लेखी ठरली नसेल तर पंधरा दिवसांत करार व्हावा. न झाल्यास सात दिवसांत पैसे परत. ठेवून घ्यायचे असतील तर का, ते सात दिवसांत लेखी कळवावे लागते. भाडेकरूने स्वतः माघार घेतली, खोटी माहिती दिली, तर पैसे जातात. पण मालक किंवा त्याचा दलाल असा वागला की शहाण्या माणसाने करार करावा अशी अपेक्षाच धरता येऊ नये, तर पैसे ठेवता येत नाहीत. हा नियम इंग्लंडापुरता. स्कॉटलंड-वेल्सची व्यवस्था वेगळी आहे.

आपल्याकडे असा नेमका कायदा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा, व ती जबाबदारी मालकाची, असे सांगितले आहे. पण आमचे गृहस्थ त्या दारापर्यंत पोचलेच नव्हते. विसार आणि करार ह्यांमधल्या पंधरा दिवसांत सारे तोंडी चालते, आणि तोंडी बोलण्याला साक्षीदार बहुधा दलाल असतो, ज्याची दलाली दोन्हीकडून यायची असते.

सुदैवाने त्यांनी पैसे पाठवताना फोनवर एक ओळ लिहिली होती: 'भाडे १८, अनामत ६०, देखभाल धरून, टोकन १०'. मालकांनी खाली अंगठा दाखवला होता. त्या अंगठ्याची किंमत दहा हजार! आम्ही एक साधे पत्र लिहिले. अमुक तारखेला अमुक अटींवर विसार दिला. अमुक तारखेला आपण अटी बदलल्या. नव्या अटी मला मान्य नाहीत, जुन्या अटींवर मी आजही यावयास तयार आहे. ते मान्य नसल्यास सात दिवसांत रक्कम परत करावी. 'आजही तयार आहे' हे वाक्य गाळू नका. माघार कोणाची हे त्याने ठरते. पत्र पोचपावतीच्या टपालाने गेले. न ऐकते तर तालुका विधी सेवा समितीकडे दाव्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज करायचा होता. तेथे कोर्ट फी लागत नाही. दिवाणी दाव्याला मुदत तीन वर्षांची असते, पण दहा हजारांसाठी तीन वर्षे कोण थांबतो?

आठव्या दिवशी पाच हजार आले, महिन्याने उरलेले पाच. टेंपोवाल्याचा आगाऊ मात्र गेला. तोही नुकसानभरपाई म्हणून मागता आला असता. गृहस्थ म्हणाले, पुरे झाले. कुटुंब पाच आठवडे मेहुण्याकडे राहिले, आणि मुलगी रोज दोन बस बदलून शाळेला गेली.

पुढे कोथरुडात घर मिळाले. विसार देण्याआधी त्यांनी सगळ्या अटी कागदावर उतरवून मालकीणबाईंपुढे ठेवल्या. बाई म्हणाल्या, "अहो, एवढे लिहायचे कशाला?" मग चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "गच्चीवर वाळवण मी घालणार, तेही लिहा."