धणे भाजताना

मी कविता लिहिणारा माणूस. स्वयंपाकघरात तसा निरुपयोगीच. तरीही आज धण्यांविषयी बोलणार आहे.

आमच्या कोल्हापूरकडे उन्हाळा आला की वर्षाची चटणी करायची असते. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. त्यात कौतुक होतं ते मिरचीचं. धण्यांचं नाव कुणी घेत नाही. पण तिखटाला आवर घालतात ते धणेच. आमच्या घरच्या मटणाच्या सालनाला दाटपणा येतो, तोही बराचसा त्यांच्यामुळे.

धणे मंद आचेवर भाजतात. रंग फारसा बदलत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. कच्च्या धण्यांचा वास लिंबाच्या सालीकडे झुकणारा. भाजता भाजता तो खमंग होतो. तेवढ्यात कढई उतरवायची. उशीर झाला की चटणीला कडवटपणा येतो.

२०२१च्या एप्रिलमध्ये आम्हा दोघांनाही कोरोना झाला. पत्नीचा ताप उतरला, पण वास गेला तो परतला नाही. ईदच्या शिरखुर्म्याचाही वास तिला आला नाही. डंक बंद होते. थोडी चटणी मिक्सरवर करू म्हणून तिनं अर्धा किलो धणे कढईत घातले आणि गॅस बंद केला. म्हणाली, "अहो, मला कायच कळंना झालंय." तीस वर्षांत मी तिला शेगडीपुढं घाबरलेली प्रथमच पाहिली.

मग म्हणाली, "तुम्ही हितं उभं ऱ्हावा. वास बदलला की सांगा."

मी उभा राहिलो आणि उशिरा सांगितलं. तिनं एक दाणा चावला. कडू तिला कळत होतं. काही न बोलता तिनं दुसरे धणे कढईत ओतले. या वेळी मी "आता!" म्हणालो, तेव्हा तिचा हात आधीच कढईकडे गेला होता. तिनं तडतड ऐकली होती.

आता तिला वास येतो; पूर्वीइतका नाही. दर उन्हाळ्यात धणे कढईत पडले की ती मला हाक मारते. त्यात गरज किती आणि सवय किती, हे मी विचारलेलं नाही.

आपल्याही घरी कुणीतरी धणे भाजत असेल. कधीतरी शेजारी जाऊन उभे राहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)