अंगठा त्याचा, निर्णय कोणाचा?

(सेवाकार्यातील स्वयंसेवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण पाड्यांवर जातो, औषधे देतो, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. हे करताना काही घरांत एक गोष्ट नजरेस पडते आणि आपण ती तशीच सोडून देतो. समजा, तिशीतला एक बौद्धिक दिव्यांग माणूस आहे. आईवडील वारलेले, म्हणून तो काकांकडे राहतो. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान त्याच्या नावावर येते, पण पासबुक काकांच्या खिशात आणि याच्या अंगावर फाटका सदरा. जमिनीच्या कुठल्याशा कागदावर त्याचा अंगठा घेतला आहे. कागद कसला, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. आपण म्हणतो, ‘घरचा मामला आहे, आपण कशाला पडा?’

सांभाळणारे कित्येक नातेवाईक स्वतः अर्धपोटी राहून सेवा करतात. त्यांच्यावर संशय घ्या, असे मी सांगत नाही. पण दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार म्हणजे त्याच्या मालमत्तेची मालकी नव्हे. कायदाही हेच सांगतो.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. पालक छळ करत असेल, हेळसांड करत असेल किंवा मालमत्ता गिळत असेल, तर आईवडील, नातेवाईक किंवा न्यासाकडे नोंदलेली संस्था त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकते.

आपल्या पाड्यांवर बहुधा असा रीतसर नेमलेला पालक नसतोच. जो सांभाळतो, तोच ठरवतो. म्हणून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ७ लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्तीचा छळ किंवा शोषण होत आहे, किंवा होण्याचा संभव आहे, असे मानायला कारण असेल, तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांना, कळवू शकतो. त्यासाठी नातेवाईक असावे लागत नाही. पुरावा हाती असलाच पाहिजे, असेही नाही. चौकशी करणे हे अधिकाऱ्यांचे काम. कळवणे हे आपले.

कळवण्यापूर्वी त्या व्यक्तीशी शक्य तर एकांतात बोला. तिच्या बोलीत, सावकाश विचारा: तुला काय हवे आहे? बोलता येत नसेल, तर खुणांनी विचारा. तिला विचारल्यावाचून तिच्या भल्याचे आपणच ठरवले, तर आपणही त्या काकांसारखेच वागलो. मग जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच तारखेसह लिहून काढा. तर्क लिहू नका. मंडळीत चर्चा करू नका, आणि काकांना जाब विचारायलाही जाऊ नका. त्याचा राग त्या दुबळ्या जीवावर निघेल. मारहाण होत असेल किंवा उपाशी ठेवले जात असेल, तर थांबू नका. ११२ वर फोन करा. अनुसूचित जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना वकिलाची मदत मोफत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. हिशेब न देणारा माणूस आपल्याच मंडळीतला असू शकतो, आपल्या वसतिगृहातला असू शकतो. कामाची बदनामी होईल म्हणून ते झाकायचे नाही. देणगीदार विश्वासाने पैसे पाठवतात. तो विश्वास झाकाझाकीने टिकत नाही.

नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायात एक आई आपल्या राजपुत्राला शिकवते की ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्यासाठी तू बोल. ती शिकवण राजासाठी होती, पण पाड्यावर जाणाऱ्या आपल्या प्रत्येकालाही ती लागू आहे. या तिमाहीत भेटी द्याल, तेव्हा धान्याची पिशवी ठेवून लगेच उठू नका. जरा बसा, आणि घरातल्या सर्वांत गप्प माणसाशीही बोला.

प्रभू तुम्हांला त्यासाठी धैर्य देवो.