वळूचें भय आणि वळूच्या झुंजी

गाय आणि बैल हीं मनुष्याच्या दाराशीं इतकीं शांतपणें उभीं असतात कीं, त्यांच्याच जातींतला वळू किती धोक्याचा प्राणी आहे, याचा सहज विसर पडतो. बैल खच्ची केलेला असतो. त्याचें बळ राहतें, पण मद जातो. वळूच्या अंगीं बळ आणि मद दोन्ही कायम असतात. सुमारें ५०० किलो वजनाचें असें जनावर अंगावर धांवून आलें, म्हणजे मनुष्याची चपळाई व शक्ति यांचा हिशेब क्षणांत संपतो.

वळूविषयीं दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला हा कीं, तो तांबड्या रंगानें चवताळतो. वस्तुतः गुरांच्या डोळ्यांना तांबडा रंग आपल्यासारखा वेगळा ओळखतां येत नाहीं. स्पेनमधला वळू धांवतो, तो फडक्याच्या हालचालीवर. तांबडा रंग असतो प्रेक्षकांसाठीं. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. हातावर वाढविलेला गोऱ्हा मोठेपणीं निरुपद्रवी राहील, असें अनेकांस वाटतें. परंतु इतर गुरांपासून तोडून, केवळ माणसांतच वाढविलेला गोऱ्हा माणसालाच आपल्या कळपांतला समजूं लागतो. आणि वयांत आल्यावर प्रतिस्पर्धी वळूला जें आव्हान द्यावयाचें, तें तो धन्याला देतो. तो प्रथम आडवा उभा राहून पाठीची कमान करतो, मान खालीं घालतो, डुरकतो आणि पायानें माती उकरतो. हीं लक्षणें दिसतांच त्याच्यावरची नजर न काढतां हळूहळू मागें सरून कुंपण गांठावें. पाठ फिरवून पळूं नये. कृत्रिम रेतनाचा प्रसार झाल्यापासून पुष्कळ गोठ्यांतून वळू नाहींसा झाला, त्याचें एक कारण हें भयहि आहे.

ज्या प्राण्याचें भय वाटतें, त्याच्याशीं झुंजण्याची ओढहि मनुष्याला फार जुनी आहे. क्रीट बेटावरील क्नोसस येथील राजवाड्याच्या भिंतीवर, सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचें, धांवत्या वळूच्या पाठीवरून कोलांटी घेणाऱ्या मनुष्याचें चित्र सांपडलें आहे. तेव्हांपासून निरनिराळ्या लोकांनीं हा खेळ निरनिराळ्या नियमांनीं बांधला. त्या नियमांकडे पाहतांना एकच प्रश्न विचारावा: धोका कोणाच्या वाट्यास दिला आहे?

स्पेनमध्यें तो दोघांच्याहि वाट्यास आहे, पण समान नाहीं. रोंदा येथील प्रसिद्ध रिंगण १७८५ सालीं खुलें झालें. तेथील रोमेरो घराण्यानें पायीं उभें राहून झुंजण्याच्या पद्धतीला वळण लावलें, असें मानतात. या झुंजीचे तीन भाग असतात. घोडेस्वार भाल्यानें वळूच्या मानेचे स्नायु दुबळे करतात. मग त्याच्या खांद्यांत रंगीत कांड्या रोंवल्या जातात. आणि शेवटीं मातादोर फडकें व तलवार घेऊन पुढें येतो. वळू बहुतेक मरतोच. क्वचित् एखाद्याला त्याच्या शौर्याबद्दल जीवदान मिळतें. पण मातादोरहि मरतात. होसेलितो १९२० सालीं गेला. मानोलेते १९४७ सालीं लिनारेस येथें शिंग लागून गेला. आणि २०१६ सालीं तेरुएल येथें आणखी एक मातादोर रिंगणांत प्राणास मुकला. माद्रिदच्या रिंगणाबाहेर पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगचा पुतळा आहे व एक मातादोर त्याला टोपी काढून वंदन करीत आहे. शिंगाच्या जखमेपेक्षां ती चिघळूनच पूर्वीं अनेकांचा अंत होत असे, याची ती साक्ष होय. ज्याला कोणी विचारलें नव्हतें, तो प्राणी म्हणजे घोडा; १९२८ पर्यंत त्याच्या पोटावर संरक्षक झूलहि सक्तीची नव्हती.

पोर्तुगालनें १९२८ च्या कायद्यानें वळूला रिंगणांत मारण्यास मनाई केली. तेथें शिंगांचीं टोकें झांकतात आणि अखेरीस आठ निःशस्त्र जवान ओळीनें उभे राहून वळूला अंगावर घेतात. पण खेळ संपल्यावर तो वळू बहुधा कसायाकडेच जातो. मरण टळत नाहीं. तें प्रेक्षकांच्या दृष्टीआड होतें, एवढेंच.

दक्षिण फ्रान्समधील कामार्ग प्रांतांत याच्या उलट रीत आहे. पांढरा पोषाख केलेले तरुण वळूच्या शिंगांमध्यें बांधलेला फितीचा तुरा हातांतील लहान आंकड्यानें काढून घेतात. वळू जिवंत आपल्या कुरणांत परततो व पुन्हा रिंगणांत येतो. जाहिरातींत त्याचें नांव ठळक छापतात आणि नामांकित वळूचे पुतळेहि उभारतात.

तमिळनाडूंतील जल्लीकट्टू पोंगलच्या सणांत होतो. मदुरेजवळ अलंगनल्लूर येथें अरुंद दारांतून सुटलेल्या वळूचें वशिंड निःशस्त्र तरुणांनीं धरून ठेवावयाचें, असा नियम आहे. वळूला मारीत नाहींत. घरीं त्याचा सन्मान असतो. परंतु शेपटी पिळणें, डोळ्यांत तिखट घालणें असे प्रकार सर्वोच्च न्यायालयापुढें आले आणि २०१४ सालीं बंदी झाली. लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर २०१७ सालीं राज्यानें नवा कायदा केला, व २०२३ सालीं न्यायालयानें तो वैध ठरविला; महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यतींचा कायदाहि त्याच निकालानें टिकला. तरीहि जल्लीकट्टूंत जवळजवळ दरवर्षीं माणसें दगावतात, आणि त्यांत केवळ पाहावयास आलेलेहि असतात.

गोव्यांत साडेचार शतकें पोर्तुगीज अंमल होता. पण तेथील ‘धिरयो’ पोर्तुगालच्या वळणाची नाहीं. तींत वळूशीं वळूच झुंजतो, आणि एक पाठ फिरवून पळाला कीं निकाल लागतो. येथें मनुष्यानें सारा धोका जनावरांवर सोंपविला, असें वाटावें; परंतु १९९६ सालीं उधळलेल्या वळूनें एका प्रेक्षकाचा बळी घेतला, आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयानें या झुंजींवर बंदी घातली. तरी चोरून झुंजी लागतातच.

परंपरा जुनी आहे, एवढ्यानें ती निर्दोष ठरत नाहीं. आणि ती क्रूर दिसते, एवढ्यानें तींत भाग घेणारा मनुष्य हीन ठरत नाहीं. ज्या शौर्यांत मनुष्य आपला जीव पणास लावतो, त्यास मान द्यावा. ज्यांत मुक्या प्राण्याला आधीं दुबळें करून मग त्याच्यावर जय मिळवावा लागतो, त्याला शौर्य म्हणतांना जीभ अडखळावी. आणि पहाटे एकटाच गोठ्यांत शिरून वळूच्या नाकांतील कडी धरणारा शेतकरी रोज तोच धोका पत्करतो. त्याच्यासाठीं रिंगण नाहीं, टाळ्या नाहींत. त्याला हवी असते ती एक मजबूत कुंपणाची वाट, आणि आपलें जनावर कितीहि माणसाळलें तरी वळूच आहे, ही जाणीव.