कर्नल मॅकेंझी आणि गावांच्या कैफियती



स्कॉटलंडच्या वायव्येस, अटलांटिक महासागरात, लुईस नावाचे बेट आहे. तेथे झाड क्वचितच दृष्टीस पडते. दूरवर दलदलीचा काळा माळ पसरलेला. त्यातून कापून वाळविलेली मातीची ढेपे हेच जुन्या काळचे जळण. जाड दगडी भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या बुटक्या घरांत माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत. भाषा गेलिक. गावाचा इतिहास म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मुखी असलेल्या वंशावळी, लढाया आणि जागांची नावे.

या बेटावरील स्टॉर्नोवे गावी १७५४ च्या सुमारास कॉलिन मॅकेंझी यांचा जन्म झाला. तेथील जकात कचेरीत काही वर्षे नोकरी करून ते १७८३ मध्ये कंपनीच्या लष्करात मद्रासेस आले. त्यानंतर त्यांनी जन्मभूमी पुन्हा पाहिली नाही. म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धानंतर, १७९२ मध्ये, त्यांना निजामाच्या मुलखाच्या मोजणीस लावण्यात आले, आणि येथून त्यांचा आपल्या हैदराबादशी संबंध सुरू होतो.

मोजणीचा हेतू लष्करी होता, हे विसरता कामा नये. मुलखाचा नकाशा परक्याच्या हाती पडणे म्हणजे घराची किल्ली देण्यासारखेच; म्हणून दरबारी अंमलदार त्यांच्याकडे संशयाने पाहत. पण मॅकेंझी वाटा आणि उतार मोजून थांबले नाहीत. १७९४ मध्ये ते श्रीशैलास गेले. मराठी यात्रेकरूंना परिचित असलेल्या त्या मल्लिकार्जुनाच्या देवळाचे आणि त्याच्या शिल्पांकित प्राकाराचे वर्णन त्यांनी रोजनिशीत लिहिले, व ते पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले.

मात्र त्यांना येथील एकही भाषा नीट येत नव्हती. ही उणीव भरून काढली ती कावली वेंकट बोरय्या या तरुण तेलुगू ब्राह्मणाने. संस्कृत, फारसी, इंग्रजी जाणणारा हा विद्वान गावोगाव हिंडे, शिलालेख वाची, आणि देशमुख, देशपांडे, पटवारी यांच्याकडून गावाची कैफियत लिहून घेई. कैफियत हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. वतनाचा तंटा निघाला की वतनदार आपली हकीकत लिहून देई, तीच कैफियत. गाव कोणी वसविले, तळे कोणी बांधले, कोणत्या दुष्काळात वस्ती उठली, इनाम कोणी दिले, असा मजकूर तीत असे. अर्थात सांगणारा आपल्या हक्काची बाजू सावरून सांगे. आणि वेशीबाहेर राहणाऱ्यांना बहुधा कोणी विचारीत नसे. हे ध्यानात ठेवूनच कैफियत वाचावी लागते.

बोरय्या १८०३ मध्ये ऐन तारुण्यात वारले. त्यांचे काम त्यांचे बंधू लक्ष्मय्या यांनी पुढे चालविले. मदतनिसांत बाबूराव, नारायणराव ही नावेही आढळतात. मॅकेंझी पुढे साऱ्या हिंदुस्थानचे पहिले सर्व्हेअर जनरल झाले आणि १८२१ मध्ये निवर्तले. १८२८ मध्ये छापलेल्या यादीप्रमाणे त्यांच्या संग्रहात २,०७० स्थानिक वृत्तान्त आणि ८,०७६ शिलालेखांच्या नकला होत्या.

नेमक्या याच काळात स्कॉटलंडात सर जॉन सिंक्लेअर यांनी गावोगावच्या धर्मोपदेशकांना १६० प्रश्न धाडून जमीन, पिके, लोकस्थिती, जुने अवशेष यांची माहिती मागविली. नऊशेंहून अधिक परगण्यांचे ते वृत्तान्त १७९१ ते १७९९ या काळात २१ खंडांत प्रसिद्ध झाले. तेथे वृत्तान्तावर लिहिणाऱ्या धर्मोपदेशकाचे नाव येई. आपल्याकडे मात्र सारा संग्रह एका साहेबाच्या नावाने ओळखला गेला. लक्ष्मय्यांनी काम पुढे चालविण्याची परवानगी मागितली, तेव्हा १८३६ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या समितीने त्यांस या कामास पुरेसे योग्य मानले नाही. ज्यांनी पायपीट करून कागद जमविले, त्यांनाच ते वाचण्याचा अधिकार नाकारला गेला. ही हानी केवळ एका गृहस्थाची नव्हती. 

गाव आज आहे म्हणून उद्या असेलच असे नाही. १८४४ मध्ये चीनशी अफूचा व्यापार करून धनवान झालेल्या जेम्स मॅथेसन यांनी लुईस बेट विकत घेतले; १८५१ पासून तेथील अनेक कुटुंबांची कॅनडास रवानगी झाली आणि मागे उघड्या भिंती उरल्या. इकडे कृष्णेवरील श्रीशैलम् धरणात अनेक गावे बुडाली. कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर दगड दगड सुटा करून आलमपूरला पुन्हा उभारण्यात आले. देऊळ असे हलविता येते. पण विहिरीचे, शेताचे, पाणंदीचे नाव हलविता येत नाही. ते लिहून ठेवले असेल तरच टिकते.

आंध्र प्रदेशात वंशपरंपरागत पटवारीपण १९८४ मध्ये संपले. ज्या घरांत दप्तरे होती, तेथे मोडी वाचणारे आता विरळा. म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्या मूळ गावी गेलात, तर वडीलधाऱ्यांपाशी बसा. देशमुखाच्या वाड्यातील म्हाताऱ्यास विचारा, तसेच वेशीबाहेरच्या म्हातारीसही विचारा. तळ्याचे, माळाचे, उजाड वस्तीचे नाव लिहून घ्या. खाली तारीख घाला. आणि सांगणाऱ्याचे नाव घालण्यास विसरू नका.