चार ओळी नीट लिहिता याव्यात

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने एखाद्या मोठ्या विषयाला हात घालावा, अशी रीत आहे. समाजाची उन्नती, शिक्षणाचे ध्येय, तरुण पिढीचे कर्तव्य असे विषय आमच्यापुढेही ठेवण्यात आले होते. परंतु आम्ही पडलो शाळामास्तर. रोज फळ्यासमोर उभे राहून ज्याची उणीव आम्हांला जाणवते, त्याच विषयावर बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. विषय अगदी लहान आहे. अर्ज, पत्र, पावती, निरोप हे रोजच्या व्यवहारातले लेखन आपल्याला नीट करता यावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

हा विषय लहान का नव्हे, हे आम्हांला एका चुकीने शिकविले. चूक दुसऱ्या कोणाची असती तर आम्ही ती येथे सांगितली नसती. ती आमचीच आहे, म्हणून सांगतो.

२०१३ साली आमच्या गल्लीतील एक खाला आमच्याकडे आल्या. पती वारलेले, स्वतः शिवणकाम करीत. मुलगा दहावी उत्तीर्ण झाला होता. एका कचेरीकडून शिष्यवृत्ती मिळण्याजोगी होती. "सर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच अर्ज लिहा," असे त्या म्हणाल्या. आम्ही मराठी घेऊन पदवीधर झालेले, त्यावर शिक्षणशास्त्राची पदवी. आम्ही मोठ्या उत्साहाने दोन पाने भरून अर्ज लिहिला. शिक्षणाचे महत्त्व, विधवेचे कष्ट, मुलाचे सद्गुण, अधिकाऱ्यांचे औदार्य, सर्व काही त्यात आले. वाचून दाखविला तेव्हा खालांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आम्हांलाही मनातून बरे वाटले.

अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. मुलगा कोणत्या वर्गात, कोणत्या कॉलेजात जाणार, फी किती, हे आम्ही लिहिलेच नव्हते. शिवाय शाळेच्या दाखल्यावर नाव 'मोहम्मद' होते आणि आम्ही आपल्या सवयीने 'महंमद' लिहिले होते. त्रुटी दूर करून अर्ज पुन्हा द्यावा, असा एका ओळीचा शेरा होता. तोवर मुदत टळली होती. त्या वर्षी तो मुलगा कॉलेजात गेला नाही, गॅरेजात गेला. पुढील वर्षी आम्ही नऊ ओळींचा अर्ज लिहिला आणि तो मंजूर झाला. मुलाचे एक वर्ष मात्र गेले ते गेलेच. खालांनी आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा नेहमीप्रमाणे आला. तो आम्ही कोणत्या मनाने घेतला असेल, हे आपणच जाणावे.

त्या दिवसापासून अर्ज म्हणजे निबंध नव्हे, हे आम्ही वर्गात पहिल्या दिवशी सांगतो. अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या टेबलावर तसले शंभर कागद असतात. तो निष्ठुर नसतो, पण त्याला निर्णय घ्यावयाचा असतो. त्यासाठी त्याला सहा गोष्टी हव्या असतात: अर्जदार कोण, अर्ज कोणाला, मागणी काय, तिला आधार काय, ती केव्हापर्यंत हवी आणि सोबत कोणते कागद जोडले आहेत. मागणी पहिल्या दोन ओळींत यावी. "माझा मुलगा पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षात दाखल होत आहे. त्याच्या वर्षाच्या फीसाठी साहाय्य मिळावे, ही विनंती." एवढे लिहिले की वाचणाऱ्याला दिशा मिळते. कष्टांची हकीकत त्यानंतर दोन वाक्यांत सांगावी. ती खरी असली म्हणजे दोन वाक्येही पुरतात.

आमच्या वर्गात आम्ही एक खेळ करवून घेतो, तो घरीही करण्याजोगा आहे. एका मुलाने अर्ज लिहावयाचा आणि दुसऱ्याने कारकून व्हावयाचे. कारकुनाने फक्त कागदावर लिहिलेले वाचावयाचे आणि जे कळले नाही ते विचारावयाचे. त्याला जितके प्रश्न पडतील, तितक्या अर्जाच्या उणिवा. पहिल्या दिवशी दहा-बारा प्रश्न येतात. महिन्याभरात ते एक-दोनांवर येतात. व्याकरणाच्या तासाने जे होत नाही, ते या खेळाने होते.

नावाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आपल्या कुटुंबांतील निम्मी अडचण तेथेच आहे. रेशनकार्डावर एक नाव, शाळेत दुसरे, बँकेत तिसरे. 'शेख' कोठे आधी येतो, कोठे शेवटी. बापाचे नाव कोठे पूर्ण, कोठे आद्याक्षरापुरते. मराठी नावाची कन्नडात एक तऱ्हा होते आणि इंग्रजीत आणखी तीन. ही गोष्ट केवळ आमच्या समाजाचीच आहे असे नव्हे. पाटील-देसायांच्या घरीही हाच अनुभव आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत द्यावी, असा १९६९ च्या कायद्यावरून चालत आलेला नियम आहे. त्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी अशा अनेक कामांत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तेव्हा आजच्या तरुण आईबापांनी बाळाचे नाव तिन्ही लिप्यांत एका कागदावर लिहून काढावे, घरातील जाणत्यांना दाखवावे आणि मगच नोंद करावी. पाच मिनिटांच्या या कामाने पुढील पंधरा वर्षांचे हेलपाटे वाचतील.

आता भाषेचा प्रश्न. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यावर येथे वाद करणे आमच्या विषयाबाहेरचे आहे. व्यवहार एवढाच की, कागद ज्या टेबलावर जातो, त्या टेबलाची भाषा आपल्याला आली पाहिजे. आपली मुले घरी दखनी बोलतात, शाळेत मराठी लिहितात आणि कचेरीत त्यांच्यापुढे कन्नड येते. हे ओझे आहे, तसे ते धनही आहे. आमची सूचना अशी की, विचार मराठीत जुळवावा, मुद्दे मराठीत लिहून काढावेत आणि मग कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून ते त्या भाषेत उतरवावेत. मुद्दे स्पष्ट असले तर भाषांतर सोपे जाते. मुळातच घोळ असला तर तो कोणत्याही भाषेत घोळच राहतो.

मराठी अर्जाची भाषा आपल्या मुलांना परकी वाटण्याचेही कारण नाही. अर्ज, तारीख, दाखला, नक्कल, मुदत, रक्कम, बाकी, वसूल, शिफारस, मजकूर हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. दरबारी कारभारातून ते मराठीत रुळले. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. आज दोन्ही प्रकारचे शब्द मराठीच्या घरात एकत्र नांदत आहेत. आमच्या अम्मीला 'विनंतिपत्र' म्हटलेले कळत नसे, पण 'अर्ज' म्हटले की लगेच कळे.

थोडक्यात लिहावे, हा आमचा आग्रह कायद्यालाही मान्य झालेला दिसतो. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एकाच विषयावर असावा आणि सामान्यतः १५० शब्दांहून मोठा नसावा. माहिती कशासाठी हवी, त्याचे कारण देण्याची गरज नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे कागदावर उतरविण्यास माहिती अधिकाऱ्याने मदत करावी, असेही त्या कायद्यात आहे. आमचा दोन पानी अर्ज येथे पहिल्याच पायरीवर अडखळला असता. पूर्वी हा धडा तारेने शिकविला होता. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून अडाणी माणूसही नेमके बोले. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली आणि तो गुरू गेला.

अनेक जण आम्हांला म्हणतात, "सर, आमचे शुद्धलेखन कच्चे आहे, म्हणून लिहावयाची भीती वाटते." ही भीती सोडावी. आपल्या पूर्वजांनी मोडीत मोठमोठे कारभार केले. त्या मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत, विरामचिन्हेही नसत. तरीही कोणी किती द्यावयाचे आणि केव्हा द्यावयाचे, हे त्यात चोख असे. याचा अर्थ शुद्धलेखन नको, असा मात्र नव्हे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. वेलांटी चुकली की अर्थ फिरतो. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. एकूण अठरा नियम. रोज एक घेतला तर तीन आठवड्यांच्या आत संपतात. पण आधी कागद लिहावा आणि मग तो शुद्ध करावा. शुद्ध होईपर्यंत लिहावयाचेच नाही, असे म्हणणाऱ्याचा कागद जन्मभर कोराच राहतो.

घरगुती देण्याघेण्यात तर लिहिण्याची आपल्याला लाज वाटते. "भावाभावांत कागद कशाला?" असे म्हणतात आणि पाच वर्षांनी तेच भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. आमच्या धर्मग्रंथात, कुराणात, सर्वांत लांब आयत कोणती, असे विचाराल तर ती उसनवारीविषयी आहे. मुदतीचे देणे असेल तर ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. इकडे समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेसाठी एक अख्खा समास दिला आहे आणि अक्षर कसे गिरवावे, कसे घोटावे, येथपर्यंत सांगितले आहे. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ज्याला कमी लेखले नाही, त्याचा आपण संकोच का करावा? रक्कम आकड्यांत लिहा, पुन्हा अक्षरांत लिहा, तारीख घाला, दोघांच्या सह्या घ्या. एवढ्याने भावाचा अविश्वास होत नाही, उलट भाऊपण टिकते.

तारखेवरून आठवले. आजकाल सारा निरोप मोबाइलवर जातो आणि पुष्कळदा रोमन लिपीत जातो. तेथे मराठीतले 'काल', 'कळ' आणि 'काळ' एकाच रूपात दिसतात. त्यात आमच्या घरची दखनी मिसळली की गंमत होते. मराठीत 'काल' म्हणजे गेलेला दिवस. दखनीत 'कल' गेलेलाही असतो आणि यावयाचाही असतो. आमच्याच एका नातलगाचा निरोप आम्ही चुकीचा वाचला आणि पाहुणे स्टेशनावर दोन तास बसून राहिले. तेव्हा निरोपात 'काल-उद्या' न लिहिता वार आणि तारीख लिहावी, आणि जमेल तेथे देवनागरी वापरावी. प्रत्येक मोबाइलमध्ये आता तिची सोय आहे. रागाचा मजकूर मात्र लिहून झाल्यावर रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी तो पाठवावासा वाटला तर पाठवावा. बहुधा वाटत नाही.

शेवटी खासगी पत्राविषयी. सावित्रीबाई फुले यांनी १८५६ साली माहेराहून, नायगावाहून जोतीरावांना एक पत्र लिहिले. स्वतः आजारी होत्या. घरची हकीकत सांगता सांगता त्यांनी पुण्यातील आपल्या सहकारी फातिमा यांची आठवण काढली. आपल्यामागे त्यांच्यावर कामाचा भार पडत असेल, पण त्या कुरकुर करणाऱ्या नाहीत, अशा आशयाच्या त्या ओळी आहेत. फातिमा शेख यांच्याविषयी फार थोडे कागद उरले आहेत आणि त्यांत या ओळींचे मोल फार मोठे आहे. सावित्रीबाईंनी इतिहास म्हणून त्या लिहिल्या नव्हत्या. मनात होते ते साध्या शब्दांत लिहिले, एवढेच. मुंबईस, पुण्यास, आखातात गेलेल्या मुलांनी आईला महिन्याकाठी एक पत्र लिहावे. बोलणे वाऱ्यावर जाते, पत्र पेटीत राहते.

न्यासापुढे आमची एकच विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास अर्जलेखनाची बैठक भरवावी. शिक्षक, निवृत्त कारकून, कन्नड जाणणारी मंडळी यांनी तेथे बसावे. येणाऱ्याचा अर्ज आपण लिहून देऊ नये. त्याच्याकडून लिहवून घ्यावा, मग तो त्याला जन्मभर येईल. न्यासाकडे साहाय्यासाठी येणारे अर्जही त्यामुळे स्पष्ट होतील आणि विश्वस्तांचा वेळ चौकशीत जाण्याऐवजी मदतीत जाईल. या कामास आम्ही स्वतः येण्यास तयार आहोत. ती आमची थोडीफार परतफेड समजावी.

ज्या मुलाचे वर्ष आमच्या हातून वाया गेले, तो आज नोकरीस आहे. गेल्या महिन्यात तो एका शेजारणीच्या पेन्शनचा अर्ज लिहून आमच्याकडे दाखवावयास घेऊन आला. आठ ओळींचा अर्ज होता. आम्ही दोनदा वाचला. तारीख घालावयाची राहिली होती, तेवढी घालावयास सांगितली.