मोबाईलमधल्या गोष्टी : चाळणी कोणाची?

(बोरिवलीतील महिला वाचक गटाच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मागच्या बैठकीत एकीने विचारले, "विज्ञानकथा आणि भुताखेतांच्या गोष्टी आपण कशाला वाचायच्या? आपले प्रश्न काय कमी आहेत?" उत्तरादाखल एक गोष्टच सांगते. घाटकोपरला मेट्रोत बसले आणि अंधेरी येईपर्यंत ती वाचून झाली. १९ पानांचे ई-पुस्तक, किंमत ४९ रुपये, लेखिकेने स्वतःच प्रकाशित केलेले. सरकार प्रत्येक घरात विजेच्या मीटरशेजारी आणखी एक मीटर बसवते. घरात कोणी किती काम केले, ते त्यावर दिसते. आधी सगळे हसतात. महिन्याभराने सासरे त्यावर कॅलेंडर टांगतात. मीटर चालूच राहतो आणि रोज पहाटे ते कॅलेंडर उचलून कोण बघते, त्यावर गोष्ट उभी आहे. घरकामाच्या मोलावर आपण किती शिबिरे घेतली! त्या कॅलेंडरइतके नेमके मला कधी सांगता आले नव्हते.

हे काही आजचे नाही. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज् ड्रीम' लिहिली. त्यात पुरुष पडद्यात आहेत आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर देश चालवतात. ती छापली मद्रासच्या एका बायकांच्याच मासिकाने. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती उतरवून दिली मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ होत्या. (हे आपण लक्षात ठेवायचे.) पुढे शुभदा गोगटे, माधुरी शानभाग, मेघश्री दळवी यांनी विज्ञानकथा लिहिल्या. या साऱ्याला मासिके, दिवाळी अंक, संपादक होते. संपादकाच्या दाराशी कितीतरी बायका अडल्या, हे खरे. पण तिथे चाळणीही होती.

आता दार उघडे आहे. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तके आहेत, प्रतिलिपीवर कोणीही लिहू शकते, ठाण्याचे ई-साहित्य प्रतिष्ठान पुस्तके फुकट देते. दुपारी दोन ते चार या वेळात मोबाईलवर अंगठ्याने कथा लिहिणाऱ्या बाईला आता कोणाची परवानगी लागत नाही. टोपणनाव घेतले तर घरातही कळत नाही. मला हे फार मोलाचे वाटते. मात्र दाराबरोबर चाळणीही गेली. 'गूढकथा' म्हणून शोधा, ढिगारा समोर येतो. वर असते ते जास्त वाचलेले, चांगले असेलच असे नाही. चांदण्या पाहाव्यात, तर मीटरच्या गोष्टीला चार अभिप्राय होते आणि त्यांतले तीन नातेवाइकांचे असावेत, कारण "ताई, खूप छान" यापलीकडे त्यांत काही नव्हते.

नमुना वाचून ठरवा म्हणतात. किंडलवर साधारण दहावा हिस्सा फुकट वाचता येतो. १९ पानांत दोन पाने, ती अर्पणपत्रिका आणि मनोगतातच संपतात! म्हणून मी आधी त्याच लेखिकेची फुकट असलेली एखादी कथा शोधते. शुद्धलेखनावर मी अडत नाही. मुद्रितशोधनाला पैसे लागतात, आणि जुन्या फाँटमधून मजकूर आणताना जोडाक्षरे मोडतात. तो लेखिकेचा दोष नव्हे. मी एवढेच बघते, की गोष्टीतले अद्भुत काढून घेतले तर काय उरते? सगळे जसेच्या तसे उरले, तर ते नुसते सजावटीला होते. आणि शास्त्रज्ञ नवरा अडाणी बायकोला चार पाने यंत्र समजावू लागला की मी थांबते, मग लिहिणारी बाई का असेना. बाईने लिहिले म्हणून पाठ थोपटणे हा तिचा अपमानच आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. किंडलचे पुस्तक विकत घेतले तरी ते घेणारीच्या खात्यात बंद राहते. वाचनालयाच्या फळीवर ठेवता येत नाही, शेजारणीला देता येत नाही. १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. पण तो कायदा छापील पुस्तकांसाठी केलेला. लेखिकेने खाते बंद केले, किंवा कोणी तिला करायला लावले, की गोष्ट गेली. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापली गेली आणि विस्मरणात गेली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुन्हा समोर आणली, कारण कागदावर प्रत शिल्लक होती.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येकीने महिन्याला तीन कथा वाचाव्यात आणि एकच पुढे आणावी. गटाच्या वहीत नाव, कुठे मिळाली, आणि का आवडली ते दहा ओळींत लिहावे. लेखिकेला पत्र पाठवावे, न पटलेलेही सांगावे, आणि तिची परवानगी असेल तर एक प्रत छापून आपल्या कपाटात ठेवावी. मुलुंडच्या आणि अंधेरीच्या मैत्रिणींनी आपापल्या वह्या ठेवल्या, तर वर्षाअखेर याद्या जुळवून बघता येतील.

मीटरच्या गोष्टीची प्रत मी आणली आहे, लेखिकेला विचारूनच. तिने कळवले, "नाव टोपणच राहू द्या. शेवट कसा वाटला ते मात्र कळवा." मला शेवट जरा घाईचा वाटतो, पण आधी तुम्ही ऐका. मोठ्याने वाचते. चष्मा विसरलेल्यांनी काळजी करू नये.